सात नंबरचा माग

कॅम्पात, चर्चमागच्या गल्लीत
कुतिन्हो मास्तरांची गिटार खाटेवर झोपते
आणि मास्तर खुर्चीत.
पलटणीच्या बँडमधून रिटायर होऊन तेवीस वर्षं झाली.
शनिवारी ऑफिसर लोकांच्या नाचाला वाजायची ती हीच:
पोटावर दोन चिरा,
तारा इतक्या उंच की खालून उंदीर जाईल.

मी भरमू. वडगावात मागांचा जॉबर.
छत्तीस माग माझ्या कानावर चालतात.
कुठला धोटा अडखळला, कुठला पट्टा सैल झाला,
मला बाहेर चहाच्या गाड्यावर कळतं.
म्हणून वाटलं, ताल काय, येईल की.

पहिल्या दिवशी मास्तरांनी सहातल्या तीन तारा काढून घेतल्या.
म्हणजे तोडल्या नाहीत. हात लावायचा नाही म्हणाले.
वरची जाड एक, मग एक सोडून दोन.
सुटलेलीला बोटाच्या मासानं गप्प बसवायचं.
"बाकीचे सूर बाजावाल्यांना ठेव.
तू त्यांच्या पायाखालची फरशी."

मोजणी कानडीत. ओंद, एरड, मूर, नाक.
जोर एरडवर, आणि नाकवर.
मी खरंच नाकाला हात लावला.
मास्तर हसले नाहीत,
त्यांनी पुन्हा ओंदपासून धरलं.

"दाब आणि सोड.
इस्त्री तापली का बघतोस ना बोटानं, तसं."
तार बोलली न बोलली तोच तिचं तोंड मिटायचं.
माझी एक तर बोलायचीच नाही,
नाहीतर बोलतच राहायची, लग्नातल्या मामासारखी.
आणि ठोके चारही सारखे.
"माग नको वाजवूस, भरमू. हे लुगडं झालं.
यावर कोण नाचणार?"

चार महिने. बोटांवर घट्टे आले.
डाव्या हाताला आता सूत कळत नाही,
तुटलेला धागा उजव्यानं चाचपतो.
हे मी मालकांना सांगितलेलं नाही.

मग एका सोमवारी रात्रपाळीला सात नंबर बिघडला.
डावीकडून धोटा वेळेवर,
उजवीकडून अंमळ उशिरा.
खटाक्, ख... टाक्. खटाक्, ख... टाक्.
पाना हातात घेऊन मी उभा राहिलो
आणि माझी टाच हलायला लागली.
लांब, आखूड. लांब, आखूड.
जे मास्तर सांगून सांगून थकले
ते एक लोखंड लंगडत लंगडत सांगत होतं.

उप्पीन मालक विचारायचे, "झाला का?"
म्हणायचो, सामान इचलकरंजीहून यायचंय.
सामान माझ्या खिशात होतं.

तीन रात्री. कापडावर बोटाबोटाला
एक फिकी पट्टी उमटत गेली.
चौथ्या दिवशी लाज वाटली.
चामड्याचा तुकडा बदलला, दोन बोल्ट आवळले,
आणि सात नंबर शहाणा झाला, बाकी पस्तिसांसारखा.
खराब माल माझ्या पगारातून कापून घ्या म्हटलं.
मालक बघतच राहिले.

त्या संध्याकाळी कॅम्पात गेलो.
मास्तर डोळे मिटून, मान एका बाजूला.
झोपले असतील म्हणून मी हळूच सुरू केलं,
भिंतीचा पोपडा बघत, मनगट सैल,
कानात तो लंगडा माग.
किती वेळ वाजवलं कोण जाणे.
खाली पाहिलं तर मास्तरांची सपाता
एरडवर उचलत होती. नाकवर उचलत होती.

थांबलो. म्हणाले, "चौथी तार उतरलीय."
बास, एवढंच.

ती लावतोय तोवर लाईट गेली.
गल्लीत कुणीतरी कुणालातरी हाक मारत मेणबत्ती मागत होतं.
अंधारात मास्तरांनी मोजायला घेतलं,
"ओंद",
आणि गप्प बसले.

एरड माझा होता.