धार नाही लावायची

परळच्या फुटपाथवरचे स्वेटरचे ठेले
उठायला आले होते, तेव्हा ती आली.
यांगझोम. गाव बायलाकुप्पे.
हिंदी थांबत थांबत, गळ्यात पोवळं,
हातात प्लास्टिकची पिशवी, वर छापलेलं: एक्स्ट्रा लार्ज.

माझं दुकान लेथचं. बसगाड्यांचे व्हॉल्व्ह घासायचे,
बुश काढायचे, शाफ्ट सरळ करायचा.
तिनं बाकावर एकेक मांडलं,
डॉक्टरपुढे रिपोर्ट मांडतात तसं.
एक घंटा, लोलक तुटलेली, मुकी.
एक पितळी वज्र, मुठीएवढं,
दोन्ही टोकांना पाच पाच बोटं, आत मिटलेली.
आणि एक तिधारी खिळा,
वर तीन रागीट तोंडं.

सवयीनं खिळ्यावरून अंगठा फिरवला.
बोथट झालाय. धार लावून देऊ? तीस रुपये.
ती हसली. सोन्याचा दात दिसला.
"धार नाही लावायची. हा कोणाला लागत नाही."
मग ठोकतात काय यानं?
"राग. हाव. आणि ते तिसरं..."
शब्द सापडेना, तिनं स्वतःच्या डोळ्यांवर तळहात ठेवले.
मोह, मी म्हणालो.
"तेच असेल."

आमच्याकडे यातलं काही नाही.
आजोबांनी छप्पन साली देव पोत्यात बांधून खाडीत सोडले,
समई मोडीत घातली, त्या पैशांच्या वह्या आल्या.
आमच्या बुद्धाचे हात रिकामे:
एक मांडीवर, एक जमिनीला टेकलेला.
मेणबत्ती, वंदना, झालं.
म्हणून जरा तुटकच विचारलं,
मन साफ करायला एवढी अवजारं कशाला लागतात?
ती माझ्या भिंतीकडे बघत राहिली.
कॅलिपर, कानस, पेचकस,
सतरा खिळ्यांवर सतरा पाने.
काही बोलली नाही.

मग घंटेचा आकडा उलगडला. आतून गंज.
डाग द्यायचा नाही, कांसं बसतं, आवाज मरतो,
एवढं मलाही कळतं.
वाहिद पोऱ्या ब्रश मारता मारता पुटपुटला,
"घंटा रिपेर करके घंटा मिलेगा."
"काय म्हणाला?"
काय सांगू! म्हटलं, मुंबईत घंटा म्हणजे
काही नाही. शून्य. रिकामा खिसा.
ती इतकी हसली की पोवळं हललं.
घंटा उलटी करून आतली पोकळी दाखवली वाहिदला:
"आमच्या पोथीतही हेच आहे."
तो बिचारा लाजून चहा आणायला पळाला.

बसच्या जुन्या व्हॉल्व्हची दांडी घेतली.
चकमध्ये धरली, हळू उतरवली,
टोकाला बोराएवढा गोळा ठेवला.
ती शेजारी उभी राहून सांगत होती,
वज्र उजव्या हातात, तो उपाय.
घंटा डाव्या हातात, ती प्रज्ञा.
दोघांना वेगळं ठेवायचं नाही, एका पिशवीतच न्यायचं.

मी वर बघितलं.
पोटमाळ्यावर माझी लेक,
हॉस्पिटलातली नाइट करून झोपलेली.
तिचं नाव ठेवलं तेव्हा
मी नुसतं यादीतलं वाचलं होतं.

लोलक बसला. "तुम्हीच वाजवा," ती म्हणाली.
माझ्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेलीत,
अठ्ठ्याण्णव साली.
उरलेल्या तिघांत मूठ धरली
आणि एकदाच.

बाहेर रिक्षावाला टॅक्सीवाल्याच्या आईचं काही काढत होता.
नाद त्याच्या खालून गेला, पुढे गेला.
यांगझोमनं बोट वर केलं: थांबा, अजून आहे.
थांबलो.
अजून होता.
मग कधी नव्हता, तो क्षण काही हाती लागला नाही.

वरून झोपाळू आवाज आला,
"बाबा, मला हाक मारलीत?"

पैसे घ्यायला मी नको म्हटलं,
तिला ते पटेना. जाताना स्वेटर ठेवून गेली,
मरून रंगाचा, एक्स्ट्रा लार्ज.
मुंबईत कुठे लागतो स्वेटर.
टांगलाय पान्यांच्या रांगेत,
अठरावा खिळा ठोकून.