अळणी राज्यं

अबर्डीनहून लर्विकला रात्रभर जाणाऱ्या बोटीवर
मी आचारी. लाऊरी हॅलक्रो. एकवीस वर्षं झाली.
दोनशे माणसांचं जेवण उरकलं, भांडी पट्ट्यांनी बांधली
की पिठाच्या पोत्यावर बसून वाचतो
ड्रॅगनवाली, जाडजूड,
ऑस्ला वाचनालयातून काढून ठेवते ती.

"या वर्षीचं आहे," म्हणते, "सगळे नावाजतायत."
नावाजू देत.
मी आधी नकाशा उघडतो.
डोंगर आहेत, काळं जंगल आहे,
पाच राजधान्या, सहावी जळालेली.
समुद्र? नाही.
मिठागर नाही, खाणही नाही.
मग हे लोक मीठ आणतात कुठून?

तुम्ही हसाल. ऑस्लाही हसते.
पण तिसऱ्या प्रकरणात सरदार छाती ठोकून सांगतो,
महाराज, खाल्ल्या मिठाला जागेन,
आणि मी पुस्तक मिटतो.
कुठलं मीठ, बाबा?

अलीकडे सगळ्यांना राजकन्या हवी,
तिला तलवार हवी, तलवारीला नाव हवं.
आचाऱ्याला मात्र नाव नसतं.
मेजवानी दोन पानं चालते,
भाजलेला मोर, मधात बुडवलेली डाळिंबं,
पण कुणाच्या बोटाला चटका बसत नाही,
कांदा कुणी चिरत नाही.
चूल जादूने पेटते. पेटू दे.
राख कोण काढतं?

भविष्यातल्या गोष्टी त्यातल्या त्यात बऱ्या,
त्यांत निदान भूक असते.
एका यानात माणसं शेवाळ खाऊन चारशे वर्षं काढतात
आणि कुणी रडत नाही.
शेवाळ मी खाल्लंय. माणूस रडतो.

मालिका तर मला झेपतच नाहीत.
पहिल्या भागात उपसलेली सुरी
चौथ्यातही हवेतच.
माशाचं पोट असं फाडून बघा.

हे सगळं मी ऑस्लाला धक्क्यावर ऐकवतो,
सकाळी, ती कामावर जाता जाता.
ती म्हणते, "लाऊरी, तुला पुस्तक नको, पाककृती हवी."
असेल.

मग फेब्रुवारीत, फेअर आयलच्या पुढे,
बोट अशी कलली की सुपाचं पातेलं साखळीसकट उठलं.
प्रवासी सगळे आडवे, जेवायला कुणी नाही.
हाती एक पातळ पुस्तक होतं,
मुखपृष्ठ भिकार, लेखिका नवी,
नकाशाच नाही.
त्यातल्या गावात मेलेली माणसं
वर्षातून एकदा जेवायला घरी येतात.
जुनीच कल्पना, मी म्हटलं,
आणि पान उलटलं.
त्यांना चव लागत नाही.
मुलगा ताटावर बसतो. म्हणतो, आई, अळणी आहे.
ती मीठ घालते. तो म्हणतो, अजून.
ती घालत राहते,
पहाटेपर्यंत, मुठीमुठीने,
आणि त्याला सांगत नाही.

माझा भाऊ मॅग्नी ब्याण्णव साली
ट्रॉलरवरून गेला. त्याला सगळंच खारट लागायचं,
माझ्या हातचं तर विशेष.
तो विषय नाही इथे.

शेवट तिने बिघडवलाय, सांगून ठेवतो.
गावावर स्वारी, बारा पानं नुसता आरडाओरडा,
प्रकाशकाने मागून घेतली असणार.
आणि 'गूढ' हा शब्द एकतीस वेळा. मोजलाय.

पुस्तक चार आठवडे उशिरा परत केलं.
ऑस्लाने दंड मागितला नाही,
कसं होतं, एवढंच विचारलं.
मी म्हटलं, मीठ बरोबर होतं.
ती काही बोलली नाही. शिक्का दोनदा मारला.

पुढच्या खेपेला पिशवीत पुन्हा एक जाडजूड.
डोंगर, काळं जंगल.
फक्त डाव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढा,
एक निळा ठिपका आहे.
तळं असेल.
बघतो.