एक जून

सणस मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला लागून माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली दुमडलेला पुठ्ठा.
वारा आला की जन्मदाखले उडतात,
म्हणून प्रत्येक शाळेच्या गठ्ठ्यावर एकेक दगड.
कबड्डी, चौदा वर्षांखालील मुलगे, उपांत्य फेरी.

हरकत लेखी हवी. सोबत पाचशे रुपये.
खरी ठरली तर परत, खोटी ठरली तर जमा.
बाणेरच्या सरांनी नोट आणली ती इस्त्री केल्यासारखी,
आणि वाकून म्हणाले,
"त्यांच्या सात नंबरचा दम ऐका मॅडम एकदा.
चौदाचं पोर असल्या आवाजात कबड्डी म्हणतं का?"

सात नंबर. यल्लाप्पा धोत्रे, महापालिका शाळा, रामटेकडी.
वरच्या ओठावर सकाळीच फिरलेला वस्तरा,
तेवढीच कातडी चेहऱ्याहून उजळ.
दाखला गेल्या वर्षीचा, प्रतिज्ञापत्रावरून केलेला.
त्याच्या आईला फोन लावला.
"मोठा पूर आल्ता ना, तवा ह्यो पोटात हुता."
कुठला पूर, कुठल्या नदीचा, तेव्हा त्या कुठल्या खाणीवर होत्या,
माझ्या तक्त्यात
पुराला रकाना नाही.

चार वाजता ससूनहून मनगटाचा एक्स-रे आला.
उजेडाकडे धरला.
हाडांच्या टोकांशी जी फट असायला हवी
ती बुजत आलेली.
सोळा, डॉक्टरांनी लिहिलं होतं. कदाचित साडेसोळा.

गेल्या वर्षी येरवड्याच्या रेहान बागवानवर,
बत्तीस किलोच्या रेहानवर,
असाच एक चौदाचा सोळा पडला होता.
खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज
टेबलापर्यंत आला.
त्याचा दाखला मीच तपासला होता,
"असतात काही मुलं थोराड" म्हणून सोडला होता.

तेव्हा आता लिहिलं:
खेळाडू अपात्र, दोन वर्षं बंदी.
संघ बाद, आधीचे दोन्ही विजय रद्द.
शाळा, एक वर्ष.
'शाळा' लिहिताना पेन अडलं. झटकलं, पुन्हा लिहिलं.

अकरा पोरं चुन्याच्या रेषेबाहेर उकिडवी बसलेली.
त्यांचे सर कुठे गेले कुणालाच माहीत नव्हतं.
सगळ्यांत लहान होता त्याने विचारलं,
हरलो नाही तर मग वडापाव मिळणार ना?

यल्लाप्पा टेबलाशी आला. रडला वगैरे नाही.
"मॅडम, मग माझा वाढदिवस कधी धरायचा?"

"शाळेत विचार," मी म्हणाले.
आणि बाणेरच्या सरांना त्यांची नोट परत दिली,
पावतीवर सही घेतली.

माझा वाढदिवस एक जून.
आमच्या वर्गात एकवीस जणांचा एक जून.
गुरुजी म्हणाले होते, उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर.
धरला.
"पोचला. घ्या हिला पहिलीत."
आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशीची तू,
बैलांची शिंगं रंगवून व्हायची होती, सुईणीला बोलवायला कुणी मोकळं नव्हतं.
कुठल्या सालचा पोळा, ते तिने कधी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
त्या कानावर मी जिल्ह्यासाठी खेळले,
त्या कानावर नोकरी लागली,
येत्या एकतीस मेला त्याच कानावर निवृत्त होईन.
त्यावर कुणी कधी पाचशे रुपये भरले नाहीत.

निकाल बरोबर होता. उद्याही मी हाच देईन.

सात वाजता स्वारगेटला बसची वाट बघताना
पिशवी खाली ठेवली,
उजवा हात डोक्यावरून नेऊन पाहिला.
दिवाळीपासून खांदा आखडलाय.
शेजारचा माणूस जरा सरकून उभा राहिला.
बोटं केसांत अडकली,
कानापर्यंत पोचली नाहीत.