लगेज

रेवदंड्याच्या वाचनालयात रविवारी साडेचारला
माझ्याच पुस्तकावर माझंच भाषण.
फळ्यावर खडूनं ‘छावणीतल्या वादक स्त्रिया’,
खाली ‘लेखिका आपल्या भेटीला’,
त्याखाली नीट न पुसलेली
कालच्या मोतीबिंदू शिबिराची वेळ.

ग्रंथपाल घरतबाईंनी चाळीस खुर्च्या मांडलेल्या.
अकरा भरल्या.
टेबलावर वीस टक्के सवलतीची पाटी,
तिला मी पाठ करून उभी.

सांगत गेले, जसं पेणला सांगितलं, रोह्याला सांगितलं:
पहाटे फाटकाशी त्यांना आणून बसवायचे,
अकॉर्डियन, मेंडोलिनं, व्हायोलिनं, झांजा,
कामावर निघालेल्या बायकांची पावलं
एका ठेक्यात पडावीत म्हणून.
संध्याकाळी पुन्हा.
तेव्हा रांग आखूड झालेली असायची,
ठेका तोच.
वाजवणारीला निजायला जरा बरी फळी, थोडा जास्त पाव,
आणि बहुधा, उद्याचा दिवस.

इथे मी थांबते. ठरवून थांबते.
चौथ्या की पाचव्या कार्यक्रमात कळलं,
इथे थांबलं की प्रती जास्त जातात.

मग प्रश्न.
निवृत्त मास्तर उठले: ‘वाक्रूळकर म्हणजे तुम्ही शनवार तेली.
तुमच्यातलं कोणी होतं का हो तिथे?’
नव्हतं, मास्तर.
त्या वर्षी माझे आजोबा चौलला खोबरेल मोजून देत होते.
शनिवारी घाणा बंद. शनिवारी तेल संपलं तर
शेजारी वात बारीक करून रविवारची वाट बघत.
एवढंच. नुसती वाट बघत.
म्हणून तर लिहिलं,
असं म्हणायचं होतं, म्हटलं नाही.

पुढच्या रांगेतला एक मुलगा, व्हायोलिन शिकणारा:
‘तारा तुटल्या तर नव्या कुठून यायच्या?’
नव्यानं येणाऱ्यांच्या सामानातून, मी म्हणाले.
त्यानं वहीत लिहून घेतलं, ‘सामानातून’,
आणि मग पेन खाली ठेवलं.

दाराशी, खुर्ची नको म्हणून उकिडवी बसलेली
थेरोंड्याची पोशीबाय. धवलारीण.
साठेक वर्षं गळ्यानं लग्नं लावलेली.
नात घेऊन आली होती, नातीला शाळेचा अहवाल लिहायचा होता.
‘त्यांना नाय बोलता येत व्हता?’

याचं उत्तर एकशे बाराव्या पानावर आहे, तळटिपांसकट.
मी पान काढायला लागले.
तिनं हातानंच थांबवलं.

‘मी पन गायलंय.
पोर ररत व्हती मांडवान. चौदा वरसांची,
नवरा बापाच्या वयाचा.
मना सांगला, पोशी, जोरान.
मी आवाज चरवला.
कोनाला आयकू नाय आला.’

कुणीतरी पंखा बंद केला, का ते कळलं नाही.

दोन दुःखं एका तागडीत घालू नयेत,
प्रस्तावनेत मीच खडसावून लिहिलंय.
पण पोशीबाय तागडी घेऊन आलीच नव्हती.
तिनं पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या,
सवलत घेतली नाही.
वाचता येत नाही तिला.
‘सही कर.’
कुणाच्या नावानं?
‘मथी लिव. मोठ्या अक्षरान.’

पेन दमटपणानं अडखळत होतं.
मी दोनदा गिरवलं.

सात प्रती गेल्या. एकीचे पैसे घरतबाई मागाहून देणार आहेत.
सात-दहाची अलिबाग गाडी. खोकं पायरीवरून चढवताना
कंडक्टर म्हणाला, ‘काय आहे आत, बाई?
वजन आहे. लगेज फाडावं लागेल. अर्धं फाडतो.’

पूर्ण फाडा, म्हटलं.