मोजा

नेब्रास्कात, लूप नदीच्या वरच्या अंगाला
व्लास्टा कुबिचेकच्या शेतात एक जुनी विहीर आहे.
विहीर म्हणजे नळीच: वीतभर रुंद, साठ मीटर खोल.
हवेचा दाब उतरला की फुंकते,
चढला की ओढते.
नवऱ्यानं तिच्या तोंडाला पितळी शिट्टी बसवली होती.
वादळाआधी वाजायची. रेडिओच्याही आधी.

यंदा वाजली नाही.
जिल्ह्याच्या पाणी कचेरीला वाटलं, जमीन घुसमटली.
काम माझ्याकडे आलं.

माझ्या पडद्यावर चाळीस थर.
प्रत्येकात थोडं पाणी, थोडी हवा,
बाकी वाऱ्यानंच कधीकाळी आणून टाकलेली पिवळी माती.
पाणी आधी बारीक भोकं धरतं,
रुंद वाटा हवेला राहतात;
मग त्याही गळ्याशी मिटत जातात.
शंभरातल्या पंच्याऐंशी जागा पाण्यानं घेतल्या
की उरलेल्या पंधरांत हवा असते,
पण जात कुठंच नाही. नुसते बुडबुडे.
पंच्याऐंशीच का? कुणी ऐंशी म्हणतं.
मी त्र्याऐंशी धरला.

अकरा मीटरवर चिकणमातीचा पातळ पट्टा आहे.
तो ओला केला. थोडा. अजून थोडा.
मक्याला पाणी जरा जास्त झालं असेल, असं स्वतःला सांगत
तीन आठवडे.
मंगळवारी रात्री माझी रेघ
विहिरीच्या गप्पपणावर तंतोतंत बसली.
इतकी देखणी रेघ मी आजवर काढली नव्हती.

शुक्रवारी गेले.
व्लास्टा पायरीवर घेवडा सोलत होती.
मका? यंदा पेरलाच नाही, म्हणाली.
शिट्टीत वाकून पाहिलं:
घशात एक करडा लोकरी मोजा,
टाचेला रफू केलेला.
"रात्रभर केकाटायची. डोळ्याला डोळा लागेना.
आणि तू विचारलंस कुठं?"

मोजा ओढला.
मनगटावर हवा आली, गार, तळघराच्या वासाची.
खाली अजून कालचाच दाब होता
आणि तो वर यायला निघाला होता.
शिट्टी आधी घरघरली, मग लागली.
पश्चिमेला आभाळ शिशासारखं.
व्लास्टानं कानांवर हात ठेवले, शेंगांसकट.

मातीनं काही लपवलं नव्हतं.
ती रेघ मी अजून पुसलेली नाही.
फाइलचं नाव तेवढं बदललं.
मोजा.