गुरुवारची सुई

गुरुवार म्हणजे सुईचा वार.
कणकुंबीच्या केंद्रातून निळा डबा निघतो,
आत बर्फाच्या चार पट्ट्या, मधे कुप्या.
तो मांडीवर घेऊन मी जांबोटीच्या गाडीत बसते.
कंडक्टर विचारतो, "कस्तुरी अक्का, आज किती पोरं?"
तिकीट नंतर.

वीस वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात एक ओळ आहे.
रकाने कानडीत, नाव मराठी, अक्षर माझं:
भरमाणी लक्ष्मण घाडी. वजन एक किलो आठशे.
शेरा लिहायला जागा होती.
मी मुद्दाम लिहिला नाही.

त्याच्या आईला म्हटलं, उराशी धर,
कातडीला कातडी, रात्रंदिवस,
चुलीपुढं जाऊ नको, धूर लागेल.
ती म्हणाली, मग भाकरी कोण थापणार?
सासऱ्यानं थापल्या. महिनाभर.
जाड, वेड्यावाकड्या, कडेला कच्च्या.
गल्ली हसली, त्यानं थापणं सोडलं नाही.
असल्या गोष्टींना रजिस्टरात रकाना नसतो.

दोन किलोच्या वर गेला तेव्हा
डाव्या दंडावर पहिली सुई.
कातडीखाली नाही, कातडीतच.
मुगाएवढा फोड उठला पाहिजे.
उठला.

मग एकदा कॅम्पातल्या मैदानावर भरती निघाली.
पहाटे तीनला रांग, बनियनवर पोरंच पोरं,
कोण गोकाकचा, कोण चंदगडचा, कोण आमच्या रानातला.
सोळाशे मीटर तो धावला.
छाती पाच सेंटिमीटर फुगली.
गुडघे घासले नाहीत, तळपाय सपाट निघाले नाहीत,
आणि डॉक्टरनं कानात बॅटरी मारून लिहिलं:
तात्पुरता अपात्र. कानात मळ.

केंद्राच्या पायरीवर येऊन बसला.
ऐकायला कमी येत होतं, म्हणून ओरडून बोलत होता:
"अक्का, मळासाठी देश अडतोय काय!"
अडतो की, म्हटलं.
देश असल्याच गोष्टींना अडतो.
तुला गोळी म्हणजे बंदुकीची दिसते.
माझ्याकडं गोळी म्हणजे लोहाची, लाल,
तुझी आई पदराआड थुंकायची ती.
शंभर गोळ्यांतल्या तिनं किती गिळल्या,
तेवढा तू धावलास.

तीन दिवस थेंब. चौथ्या दिवशी पिचकारी.
पाणी कोमट लागतं, गार गेलं तर माणूस गरगरतो.
मळ निघाला, चिंचोक्याएवढा.
तो थबकला. "हे काय वाजतंय?"
फ्रीज, म्हटलं. लसींचा.
तुझ्या जन्माआधीपासून असंच वाजतोय.

आमच्याकडं सीमा म्हटलं की
लोकांना कोर्टातली तारीख आठवते,
पाट्यांवरची अक्षरं आठवतात.
तो गेला ती सीमा दुसरी.
तिथून महिन्यातून एकदा फोन येतो, रेंज असली तर:
"अक्का, इथं तुझ्या डब्यातला बर्फ आहे,
पण डोंगरभर."
तिथल्या मल्याळी नर्सनं म्हणे दंड बघितला,
वणावर बोट ठेवून म्हणाली, चांगलं काम आहे कुणाचं तरी.
त्यानं माझं नाव सांगितलं. तिला ते उच्चारता येईना.
मी फोनवर हसले, मग बराच वेळ
काही सुचेना.

काल रात्री वारं सुटलं, चोर्ल्याकडं झाड पडलं, लाईट गेली.
अशा वेळी फ्रीजचं दार उघडायचं नसतं.
आतला गारवा आत राहिला पाहिजे,
कितीही वाटलं तरी बघायचं नसतं.
शिपाई मल्लवा म्हणाली, तुम्ही झोपा की,
बंद दारापुढं बसून काय करणार?
तिला काय सांगू.
खुर्ची ओढली, शाल घेतली,
आणि पहाटे फ्रीज पुन्हा गुणगुणेपर्यंत
बसून राहिले.