सात फोटो आणि एक कोपर

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे दात घडवले
कुताइसीत, नदीकाठच्या एका अरुंद खोलीत,
मेणात, प्लास्टरात, गुलाबी अ‍ॅक्रिलिकमध्ये.
निवृत्तीनंतर रंग घेतले हाती
आणि पहिला धडा काय, तर
दात रंगवायचे नाहीत.
एकेक दात काढला की मूल हसत नाही,
चावायला येतं.

लामारा वरच्या मजल्यावरची.
तिने जिन्यातच फोन पुढे केला:
"नुगझार, माझ्या तेकलेचं चित्र काढ.
तिकडे थेसालोनिकीत वाढतेय पोर.
मला ती एवढ्याशा काचेत नको, भिंतीवर हवी."
मी हो म्हणून बसलो.
नवशिक्याला नाही म्हणणं कुठे जमतं.

सात फोटो.
सातांत सात मुली.
एकीला पुढचे दोन दात आहेत, एकीचे पडलेत,
एकीला नवे, करवतीच्या कडेचे, अर्धे वर आलेत.
एकात समुद्रावरचं ऊन डावीकडून,
एकात स्वयंपाकघरातला दिवा डोक्यावरून,
एकात वाढदिवसाच्या मेणबत्त्या खालून.
मी अडाण्यासारखे तिन्ही उजेड
एकाच गालावर आणले
आणि गाल सुजला.

पहिली तेकले चाळिशीची निघाली,
करवसुली खात्यातली.
दुसरीला मान नव्हती.
तिसरीचे डोळे मी कपाळात चढवले,
मग कळलं, मुलांचे डोळे खाली असतात,
चेहऱ्याच्या निम्म्याच्याही खाली,
वरचं सगळं कपाळ,
अजून काहीच न मांडलेल्या टेबलासारखं.

फोटो उलटा धरून काढ, असं कुणीतरी सांगितलं.
उलटा धरला.
मग नाक नाक उरलं नाही, नुसता फिकट त्रिकोण,
ओठ म्हणजे दोन गडद ठिपके,
त्या दिवशी हात पहिल्यांदा खोटं बोलला नाही.
सावलीत हिरवा लागतो, हेही तेव्हाच कळलं.
मुलीच्या हनुवटीखाली हिरवा!
बायको म्हणाली, शेवाळ धरलंय की पोरीला.

अखेर एकच फोटो ठेवला, बाकीचे सहा पालथे.
समुद्रकाठचा. डोळे बारीक केलेले,
तोंड मिटलेलं, देवाची कृपा,
पिवळा फ्रॉक, आणि फ्रॉकच्या घेरावर
एक सावली, फोटो काढणाऱ्याची.
शिकवणीतली तरणी पोरं म्हणाली, ती गाळा,
चित्रकाराला तेवढं स्वातंत्र्य असतं.
असेल.
माझ्याकडे अजून तेवढं कौशल्य नव्हतं.
दिसलं ते काढलं.

डिसेंबरात, अंगणातल्या झाडाची पानं गेली
आणि नुसती केशरी पर्सिमन लटकत राहिली,
तेव्हा लामारा आली बघायला.
चेहरा पाहिला. "बरी आहे," म्हणाली,
बाजारात चीज चाखून म्हणते तशी.
मग बोट फ्रॉककडे.
"हा डाग कसला? पूस."
हात लावू नकोस, ओलं आहे, मी म्हणालो.
ती वाकली. चष्मा वर सारला.
बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"कोपर बघ," म्हणाली,
"अजून तस्संच बाहेर काढते.
वहीत लिहितानाही असंच, बाकावरची पोरं ओरडायची.
नऊ वर्षं झाली माका तिकडे जाऊन,
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते.
रोज पोरीचे फोटो पाठवते.
स्वतः एकातही नसते."

मी ब्रश धुवत राहिलो.
धुतलेलाच पुन्हा धुतला.

चित्र आता तिच्या फ्रिजच्या वर आहे.
मोबदला: कोवळ्या अक्रोडांच्या मुरंब्याच्या दोन बरण्या,
एक उघडली, एक जपून ठेवलीय.
मार्चमध्ये जेवायला बोलावलं तिने.
मला समोरची खुर्ची मिळाली
आणि तिथून डावा कान दिसला,
उजव्यापेक्षा चांगला बोटभर वर.
घास उतरेना.
म्हणालो, लामारा, एक तास दे,
खाली काढतो, कान उतरवतो आणि परत लावतो.
ती भाकरी मोडत होती. वर न बघता म्हणाली,
"हात लावू नकोस. ओलं आहे."